पहिली वेलांटी

५ जानेवारी २०२५, रविवार

रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हापासूनची सवय आहे. यंत्राला हात लावायच्या आधी वही उघडायची. कोणती तार कुठून सोडवली हे लिहिलं नाही, तर परत जोडताना माणूस देवाचं नाव घेतो. उद्यापासून साइटला हात लावणार, म्हणून आज ही कोरी वही काढली.

साइटचं नाव ‘मांडव’. आपल्या भागातली लग्नाची स्थळं तिच्यावर असतात. आजचा आकडा अकराशे बेचाळीस. त्यातलं अक्षर न् अक्षर माझं. नाव रविकांत, वय बावन्न, शिक्षण बारावी, तेही बाहेरून. संगणक मला कोणी शिकवला नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन पुस्तकं वाचली आणि शेलूबाजारात बसून हे उभं केलं. पुढच्या टेबलावर लोकांचे फॉर्म भरतो, झेरॉक्स काढून देतो. मागच्या टेबलावर ‘मांडव’.

रोग असा आहे की तुळशीचं लग्न झालं की साइटवर गर्दी होते आणि पान उघडता उघडत नाही. आज घड्याळ लावून दहा वेळा मोजलं. सरासरी ८.७ सेकंद.

आसेगावचा इंद्रभान दुकानात बसला होता. आठवीपासूनचा माझा बाकावरचा जोडीदार. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “तुह्या साइटवर पोरगी पाहाले गेलं का पान उघडेपरेंत तिचं लगन होऊन लेकरू शाळेत जाते.” सगळे हसले. मीही हसलो. पण लागलं.

सुकेशनीचा परवा मेसेज आला होता, ‘काका, साइट जड झाली आहे, मी कॅश बसवून देऊ का?’ ही पोरगी पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडं टायपिंग शिकली. आता पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. तिला लिहिलं, ‘माझं मी पाहतो.’ ज्याला शिकवलं त्याच्याकडून शिकायचं, हे अजून माझ्या गळी उतरत नाही.

९ जानेवारी

चार दिवस वाचतोय. सुकेशनी म्हणते ती कॅश, त्यासाठी रेडिस नावाची वस्तू आहे. तत्त्व सोपं आहे. मूळ माहिती डिस्कवर असते. कोणी पान मागितलं की सर्व्हर तिथवर जातो, दहा जागचं सामान गोळा करतो, पान रांधतो आणि वाढतो. दर वेळी नव्यानं. रेडिस काय करतं, तर एकदा रांधलेलं पान मेमरीत हाताशी ठेवून देतं. पुढच्या माणसाला तेच वाढायचं.

मी माझ्यासाठी मराठी नावं पाडली. मूळ माहिती म्हणजे कोठी. मेमरीतली जागा म्हणजे कोनाडा.

बायकोला, बेबीला, सांगितलं, की तू चहा-साखरेचा डबा चुलीजवळ ठेवतेस, दर वेळी आतल्या खोलीत जात नाहीस, तसंच. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, “हाताशी ठेवलेलं लवकर भेटते हे खरं. पन ते शिळं झालं हे कोन पाह्यते?”

मी पाहतो, म्हटलं.

११ जानेवारी, शनिवार

बसला.

सर्व्हर भाड्याचा आणि लहान, म्हणून कोनाड्याला फक्त बत्तीस एमबी जागा दिली. कोनाडा भरला की जे पान फार दिवसांत कोणी पाहिलं नाही ते आधी टाकायचं, जे रोज कोणीतरी पाहते ते ठेवायचं, असा नियम लावला. बाहेरच्यांना कोनाड्याशी बोलता येऊ नये म्हणून दार फक्त घरच्या बाजूनं उघडं ठेवलं. वर पासवर्ड. सगळं झाल्यावर त्याला ‘पिंग’ लिहिलं. त्यानं ‘पाँग’ म्हटलं. बावन्न वर्षांच्या माणसानं एवढ्यावर खूश होऊ नये, पण झालो. उठून दुकानाबाहेर एक चक्कर मारून आलो.

मी स्वतः लॉगिन करून काम करतो, तेव्हा मला कोनाडा लागत नाही. मला थेट कोठीतलं ताजं पान दिसतं. हीही सोय मीच केली. मालकाला शिळं कसं चालेल?

पाहुण्यासारखं उघडून मोजलं. ०.४ सेकंद.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

एक डाग राहिला होता. पान कोनाड्यात दहा मिनिटं ठेवायचं, मग टाकून नवं रांधायचं, अशी मुदत घातली होती. म्हणजे दर दहा मिनिटांनी कोणातरी एकाच्या वाट्याला ते ८.७ सेकंद येणारच. मला ते खपेना. मुदतीच्या जागी शून्य टाकलं. शून्य म्हणजे मुदतच नाही, कायम. पान मी बदललं की माझा प्रोग्रॅम त्या नावाचं पान कोनाड्यातून काढतो, मग वेगळ्या मुदतीचं काम काय?

सुकेशनीला आकडा कळवला. तिनं अभिनंदन केलं आणि खाली लिहिलं, ‘मुदत मात्र ठेवा काका, छोटी का होईना. कधी काय राहून जाईल सांगता येत नाही.’ नोकरी करणाऱ्या माणसाच्या डोक्यात साहेब बसलेला असतो, त्याची भीती कायम. तिळगूळ पाठव म्हणून उत्तर दिलं.

आणखी एक सुधारणा. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आता आजची तारीख आपोआप येते. ज्याच्या मोबाईलवर उघडेल त्याच्या मोबाईलची. जुनाट साइटींवर वर्षावर्षाच्या तारखा लोंबकळत असतात, तसं आपलं नको. बेबीला तारीख आवडली.

२० जानेवारी

इंद्रभाननं त्याच्या पोरीचं स्थळ टाकलं. संस्कृती. मंगरूळपीरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. हुशार, कमी बोलणारी. रुख्मिणीवहिनीही आल्या होत्या. फोटो कोणता ठेवायचा यावर मायलेकींचं जमेना, शेवटी मी निवडला. इंद्रभाननं आपल्या हातानं फॉर्म लिहून आणलेला, तसाच्या तसा टाकला. पानाची लिंक आमच्या तिन्ही व्हाट्सॲप ग्रुपवर सोडली. दिवसभरात दोनशे लोकांनी पाहिलं.

२३ जानेवारी

लाज वाटली. इंद्रभाननं ‘संस्कृति’ लिहिलं होतं, पहिली वेलांटी, आणि मी डोळे मिटून तसंच चढवलं. मराठीत शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी येते, हे मी त्याला नववीत सांगितलेलं आहे. आज दुरुस्त केलं. नावात केलं, लिंकमध्येही केलं, आणि जुन्या लिंकनं कोणी आला तर कोठी त्याला नव्या पानावर नेईल अशी वाटही करून दिली. अर्धं काम मी करत नाही.

संस्कृतीला फोनवर सांगितलं, तर म्हणते, “काका, आधारवर पहिलीच वेलांटी आहे. मार्कशीटवर पन.”

मी म्हटलं, आधारवाल्यांची चूक आपण कायले चालवायची?

२ फेब्रुवारी

विशेष नाही. ०.४ कायम. एका गिऱ्हाइकानं विचारलं, नवी कंपनी लावली का साइटले. मी म्हटलं, कंपनी तुमच्यासमोर बसली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आसेगावला संस्कृतीचं साक्षगंध झालं. मुलगा हरीओम, कारंजा तालुक्यातल्या धनजचा. घरची शेती, शिवाय कारंज्याला औषध-बियाण्याच्या दुकानात हिशेबनीस. स्थळ ‘मांडव’वरूनच जुळलं. त्यांना लिंक ग्रुपवरून मिळालेली, पहिल्याच दिवशीची. वीस दिवसांत सगळं ठरलं. लग्नाची तारीख अक्षय तृतीया.

मुलाकडून बोलणारा माणूस म्हणजे त्याचे मामा, देवानंद. जाड भिंगाचा चष्मा, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणार. हरीओम शांत वाटला. पोरीकडं पाहायचा तेव्हा कान लाल व्हायचे.

इंद्रभाननं सगळ्यांसमोर मला टोपी-दुपट्टा दिला. म्हणाला, “ही सोयरीक मी नाई जमवली, ह्यानं जमवली. आन् ह्या मानसाच्या लिहिन्यात कानामात्रा चुकत नाई.”

घरी येऊन पहिलं काम केलं ते संस्कृतीच्या पानावर ‘सोयरीक जमली’ शिक्का मारण्याचं. शिक्का मारला की फोटो आणि फोन नंबर आपोआप झाकला जातो. पान उघडून पाहिलं. बरोबर.

१८ फेब्रुवारी

इंद्रभानचा फोन. देवानंदमामानं मोबाईलवर पाहिलं, तर संस्कृतीचं स्थळ अजून खुलंच, फोटोसकट, ‘स्थळ पाहणे चालू आहे’. मी दुकानातच होतो. तीच लिंक माझ्या संगणकावर उघडली. शिक्का जागेवर. इंद्रभानला सांगितलं, माझ्याकडं बरोबर दिसते.

त्यानं मामाचा नंबर दिला. मामांना फोन लावून समजावलं. ते दोनदा म्हणाले, आता समोर दिसून राह्यलं भाऊ. शेवटी मी म्हटलं, मामा, जरा चष्मा पुसून पाहा. दुकानातली माणसं खदखदली. मामांनी फोन ठेवला.

२० फेब्रुवारी

इंद्रभान स्वतः मोबाईल घेऊन आला. खरंच दिसत होतं. कारण माझ्या लगेच ध्यानात आलं: मोबाईल स्वतःच जुनी पानं साठवून ठेवतो. त्याच्या मोबाईलची सगळी साठवण पुसली आणि ‘मांडव’च्या पहिल्या पानावरून यादीत जाऊन दाखवलं. शिक्का दिसला. मग बसलेल्या लोकांना या निमित्तानं पंधरा मिनिटं नीट समजावून सांगितलं, की दोष नेहमी साइटचा नसतो; लोक पाच-पाच वर्षं मोबाईल वापरतात, कधी साफ करत नाहीत, आणि नाव दुसऱ्याचं घेतात. इंद्रभान हसत होता. म्हणाला, “मी अडानी गड्या. तू म्हनते तं तसंच असन.”

जाताना त्यानं चहा घेतला नाही. घाईत होता.

२५ फेब्रुवारी

आज संस्कृतीचा फोन. धनजला अजून तेच दिसतं म्हणे.

मी म्हटलं, बाई, मी तुझ्या बापाला दाखवलं, मामांना सांगितलं. माझ्याकडं बरोबर दिसते.

ती म्हणाली, “तुमच्याकडं दिसते हो काका. पन पाहून तं ते राह्यले.”

हे काही मला आवडलं नाही. तरी पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून माझ्या संगणकावरच्या पानाचा फोटो काढला, शिक्का आणि तारीख दिसेल असा, आणि मामांना पाठवून दिला. खाली लिहिलं, ‘पुरावा’. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. पटलं असावं.

६ मार्च, गुरुवार

सोयरीक मोडली.

इंद्रभाननं फोनवर थोडक्यात सांगितलं. धनजवाले सकाळी येऊन साडी न् अंगठी ठेवून गेले. म्हणे, “तुमी पोरीचं नाव रोज ताजं करून खुलं ठेवता, म्हंजे याच्याहून बरं भेटलं तं आमाले सोडता. आन् वरून दोस्ताच्या हातानं बनवलेला फोटो पाठवता.”

लोकांना बहाणा पाहिजे असतो. काही दुसरंच कारण असणार. मामाला दुसरीकडची सोयरीक करायची असेल. रोज ताजं म्हणे. कोण करतं रोज ताजं? मी महिनाभरात त्या पानाला हातसुद्धा लावला नाही. इंद्रभाननं त्यांना सांगितलं म्हणे, की रविकांतनं सांगितलं म्हणजे तसंच आहे, तो खोटं बोलत नाही.

एवढं तरी तो बोलला.

९ मार्च, रविवार

दुपारी जेवताना बेबीनं मोबाईल ताटाशेजारी ठेवला. म्हणाली, “हे पाहा, मंग जेवा.”

तिच्या बचत गटाच्या ग्रुपवर जानेवारीत आलेली लिंक तिनं उघडली होती. संस्कृतीचा फोटो. फोन नंबर. ‘स्थळ पाहणे चालू आहे’. माथ्यावर आजची तारीख, ९ मार्च.

कधीपासून दिसतं हे, मी विचारलं. ती म्हणाली, साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवसापासून. मग सांगितलं काहून नाही? “सांगतलं होतं. तुमी म्हनले, तुह्या फोनमंदी कचरा झाला.”

मला आठवत नाही. पण मी तसं म्हटलं असणार, हे मला माहीत आहे.

ताट तसंच राहिलं. तिच्या मोबाईलची साठवण पुसली, परत उघडलं. तेच. शेजारच्या बेकरीवाल्याचा मोबाईल मागून आणला, त्याच्यावर कधी ‘मांडव’ उघडलंच नव्हतं. तेच. माझ्या संगणकावर बरोबर. तिन्ही पडदे ओळीनं ठेवले आणि पाहत बसलो.

१० मार्च

सकाळी सुकेशनीला फोन केला. सगळं पहिल्यापासून सांगितलं, पोरीच्या लग्नाचं सोडून. तिनं एकच विचारलं.

“काका, तुम्ही लॉगआउट करून पाह्यलं का?”

नव्हतं पाहिलं. ११ जानेवारीला मोजताना एकदाच पाहुणा झालो होतो. त्यानंतर दोन महिने मी माझ्याच साइटवर मालक म्हणून फिरत होतो. मालकाला कोठीतलं दाखवायचं आणि जगाला कोनाड्यातलं, हा नियम माझ्याच हातचा. माझ्याकडं बरोबर दिसते, हे खरंच होतं. दिसणारच होतं.

तिनं सांगितलं तशी कोनाड्यातल्या पानांची यादी काढली. साडेसातशे नावं. खाली खाली येत गेलो आणि दोन ओळी एकाखाली एक दिसल्या.

पान:संस्कृति
पान:संस्कृती

२३ जानेवारीला मी वेलांटी बदलली तेव्हा नव्या नावाचं पान तयार झालं. जुन्या नावाचं कोनाड्यात तसंच राहिलं, आणि जुनी लिंक उघडणाऱ्याला कोठीपर्यंत न जाता तेच वाढलं जात होतं. पुढं शिक्का मारला तेव्हा प्रोग्रॅमनं ‘त्या नावाचं’ पान काढलं, म्हणजे दुसऱ्या वेलांटीचं. पहिल्या वेलांटीचं पान कोणाच्या हिशेबातच नव्हतं. मुदत असती तर दहा मिनिटांत आपोआप गेलं असतं. मुदत मी शून्य केली होती. अकराशे स्थळांत ही गत एकाच पानाची झाली, कारण अकराशेमध्ये नाव मी एकाच पोरीचं सुधारलं होतं.

काढायचा हुकूम लिहिला. त्यानं उत्तर दिलं: १.

एक काढलं, एवढाच त्याचा अर्थ. मी त्या एकाकडं किती वेळ पाहत होतो, ते मोजलं नाही.

सुकेशनी फोनवरच होती. मिळालं का, विचारत होती. मिळालं म्हटलं. ती म्हणाली, असं सगळ्यांचं होतं काका, माझंही झालं आहे. तिला वाटलं मी पानाबद्दल गप्प आहे.

१६ मार्च

सहा दिवस या वहीला हात लावला नाही. खरं तेच लिहायचं असेल तर हे लिहावं लागेल: सहा दिवस मी हाच विचार केला, की कोणाला कळणार नाही.

कोनाड्यातून काढलेल्याची मागे खूण राहत नाही. इंद्रभान म्हणतो धनजवाले खोटारडे. मी गप्प राहिलो की ते कायमचे खोटारडे. काल तो बाजारात भेटला तेव्हा उलट माझीच समजूत काढत होता, तू मनाले लावून घेऊ नको गड्या, तुह्या हातून तं चांगलंच झालं होतं. मी मान हलवली. मान हलवली, हेही लिहून ठेवतो.

बेबी रोज जेवायच्या वेळी मोबाईल ताटाशेजारी आणून ठेवते आणि उचलून नेते.

१९ मार्च, बुधवार

कारंज्यापर्यंत जीपनं गेलो, तिथून धनज. वाटेत बोलायचं सगळं पाठ केलं होतं. कोठी, कोनाडा, मुदत, वेलांटी.

देवानंदमामांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. मी सांगायला लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला कळलं की त्यांना यातलं काही नको आहे. तेव्हा पाठ केलेलं सोडलं आणि म्हटलं, चूक माझी होती, इंद्रभाननं काही लपवलं नाही, पोरीला तर काहीच माहीत नव्हतं. तुम्हाला दिसत होतं ते खरंच दिसत होतं.

मामा म्हणाले, “चष्मा पुसून पाह्यला होता भाऊ मी. तुमी फोन ठेवल्यावर.”

मी खाली पाहिलं.

“आता काय कराव सांगा. परवा पोराले दुसरीकडं कुंकू लागलं, सोयरीक ठरली. त्याबी पोरीच्या बापाले तोंड हाय.”

चहा आला. तो प्यावा लागला.

हरीओम मला गाडीवर फाट्यापर्यंत सोडायला आला. उतरलो तेव्हा म्हणाला, “मी रोज पाहो काका ते पान. सकाळी दुकानात गेलो का पयले तेच उघडो. वाटे, आज काढलं असन. रोज वर नवी तारीख दिसे.” मग गाडी वळवता वळवता, “फोटो पन पाहो. खोटं कायले बोलू.”

जीपमध्ये उमगलं. ११ जानेवारीचा माझाच नियम. जे पान रोज कोणीतरी पाहते ते कोनाडा टाकत नाही. कोनाडा गच्च भरला होता, न पाहिलेली पानं रोज गळत होती. तेही गळून गेलं असतं. त्याच्या रोजच्या पाहण्यानं ते टिकलं. आणि तारीख माझी.

२१ मार्च

आसेगावला गेलो. तिघंही घरी असतील अशा वेळी गेलो. ओसरीवर बसून सांगितलं. यंत्राचं नाव एकदाही घेतलं नाही. म्हटलं, पान मी काढलं समजत होतो, ते निघालं नव्हतं. तुम्ही तीनदा सांगितलं. मी पाहिलं नाही.

रुख्मिणीवहिनी उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला.

इंद्रभान खूप वेळ तळहातावर तंबाखू मळत राहिला. तोंडात टाकली नाही, अंगणात झटकून दिली. म्हणाला, “सोयरीक मोडली त्याचं सोड. मोडतात. मी त्या मानसाले माह्या दारात उभा करून खोटा म्हनलो. तुह्या भरोशावर म्हनलो.” मग माझ्याकडं न पाहता, “त्या रोजी दुकानात तू मले समजावत होता ना, लोक हासत होते. मले तेव्हा बी दिसत होतं रवी. मी म्हनलो, आपलं चुकत असन.”

‘रवी’ त्यानं शाळा सुटल्यापासून म्हटलं नव्हतं.

मी संस्कृतीकडं वळलो. तिनं बोलायला वेळ दिला नाही.

“दोन्ही काढून टाका काका,” ती म्हणाली. “पयल्या वेलांटीचं बी, दुसऱ्या वेलांटीचं बी.”

मोबाईल काढून तिथंच काढलं. लॉगआउट केलं, मग पाहिलं. मग तिच्या हातात दिला. तिनं पाहिलं, परत दिला.

२२ मार्च

मुदत परत दहा मिनिटं केली. दर दहा मिनिटांनी कोणीतरी एक जण ८.७ सेकंद वाट पाहील. पाहू दे. नाव बदललं तर जुन्या नावाचंही पान निघेल, असं केलं. माथ्यावरची तारीख काढून टाकली. आता पान ज्या दिवशी रांधलं त्या दिवसाची येते. या बदलांची यादी सुकेशनीला पाठवली आणि तपासून दे म्हटलं. तिनं दोन चुका काढल्या. दोन्ही खऱ्या होत्या.

हे सगळं ११ जानेवारीला अर्ध्या दिवसाचं काम होतं.

७ एप्रिल

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बेबीच्या मोबाईलवर ‘मांडव’ पाहतो. ती विचारत होती, आपला मोबाईल काहून नाही. म्हटलं, त्यात मीच दिसतो.

इंद्रभान एकदा दुकानासमोरून गेला. हात वर केला. थांबला नाही.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

आज बाहेर जायचं नव्हतं. आमंत्रणं होती, बेबीला पाठवलं. दुकान उघडून बसलो.

अकराच्या सुमारास संस्कृती आली. एकटी. सरकारी दवाखान्यातल्या लॅबची भरती निघाली आहे, फॉर्म भरायचा होता. मंगरूळपीरला ती काम करते तिथं अशी दहा दुकानं आहेत. माझ्याकडं का आली, मी विचारलं नाही. आज कोणती तारीख आहे हे दोघांनाही माहीत होतं, तेही कोणी बोललं नाही.

कागद काढून तिनं टेबलावर रचले, आधार सगळ्यात वर. जन्मतारीख, पत्ता, टक्केवारी भरत गेलो. तिच्या वडिलांचं नाव भरलं. मग तो रकाना आला, उमेदवाराचं नाव, देवनागरीत. ‘संस्कृत’पर्यंत लिहिलं आणि बोट थांबलं. आधार समोर होतं. वाचता येत होतं.

“वेलांटी कोणती?” मी विचारलं.

“पयली.”

टाकली. मग पडदा उचलून पुरता तिच्याकडं वळवला आणि ती पाहून होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसलो.